डायमंड कोटिंग पुन्हा पुन्हा त्याच जागी उडतंय? मोल्ड परत कोटिंगला पाठवण्याआधी हे तपासा

प्लास्टिकचे पार्ट काढायच्या मोल्डच्या (साच्याच्या) कोअरला, म्हणजे पार्टला आतून आकार देणाऱ्या भागाला, नाहीतर पिनांना डायमंड कोटिंग करून आणायचं, महिना-दोन महिने पार्ट छान सुटायचा, आणि मग एका सकाळी ऑपरेटर येऊन सांगणार, "साहेब, कोटिंग उडालं." परत पाठवलं, परत करून आणलं, तर परत त्याच जागी उडालं. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये मोल्ड मेंटेनन्स करताना ही तक्रार मी इतक्यांदा हाताळली आहे, की आता इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवलेला सुटा तुकडा) हातात आला की आधी कोटिंगच्या खाली काय आहे आणि आजूबाजूला काय चाललंय ते विचारतो. दुसऱ्यांदा कोटिंगचे पैसे भरण्याआधी खालच्या तपासण्या करून घ्या. क्रम मुद्दाम असा लावलाय, की आधी फुकटात होणारं, मग मोल्ड उतरवून करायचं, आणि शेवटी लॅबचं काम.

त्याआधी नावाचा घोळ मिटवू. आपण "डायमंड कोटिंग" म्हणतो, पण मोल्डच्या स्टीलवर खरा स्फटिक हिरा जवळपास कधीच नसतो. गॅसमधून हिरा वाढवायला ७०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. तेवढ्या उष्णतेत स्टीलचा कडकपणा जातो. लोखंड कार्बन शोषून घेतं आणि हिऱ्याऐवजी ग्रॅफाइट बनायला मदत करतं. थंड होताना स्टील हिऱ्याच्या साधारण दहापट आकसतं, त्यामुळे जे काही बसलं असेल तेही सुटतं. म्हणून मोल्डवर येतं ते डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन), म्हणजे हिऱ्यासारखा कडक पण स्फटिक नसलेला कार्बन. तो साधारण १५० ते २५० अंशांत बसतो, जाडी बहुतेक वेळा १ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि स्टील व कार्बनच्या मध्ये क्रोमियमसारखा एक पातळ जोडथर असतो. इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये (विजेशिवाय, रसायनात चढवलेल्या निकेलमध्ये) हिऱ्याचे बारीक कण मिसळलेलं कोटिंगही बाजारात "डायमंड" याच नावाने विकलं जातं. ते जाड आणि मॅट असतं, आणि त्याचे आजार वेगळे. ही पोस्ट डीएलसीबद्दल आहे. कोटिंगवाल्याच्या डिलिव्हरी चलनावर नक्की काय लिहिलंय ते आधी वाचा.

लक्षणं

- पार्ट कोअरवर अडकतो, इजेक्टर पिनांच्या (पार्ट ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांच्या) जागी पांढरे ठसे पडतात, खोल रिबच्या (पार्टवरच्या पातळ उभ्या पट्टीच्या) भिंतींवर उभे ओरखडे येतात.
- काळ्या-करड्या पृष्ठभागावर चांदीसारखे चकचकीत ठिपके किंवा पट्टे दिसतात.
- पार्टवर काळे कण येतात. पांढऱ्या आणि पारदर्शक मालात ते लगेच कळतात, काळ्या मालात महिनोन्‌महिने कळत नाहीत.
- कोटिंगवर दुधी, पिवळट थर किंवा मोरपंखी छटा दिसते.
- कोटिंगच्या आतून तांबूस टिपके वर येतात.
- कोरडी चालणारी इजेक्टर पिन किरकिरायला लागते.

औषधाचं झाकण, सिरिंजचा भाग, अन्नाचा डबा असं काही काढत असाल आणि पार्टवर काळे कण दिसले, तर पुढचं वाचण्याआधी मशीन थांबवा. शेवटचा चांगला नमुना कधी तपासला होता ते बघा आणि तेव्हापासूनचा सगळा माल बाजूला काढून क्वालिटीला कळवा.

पुसून बघा

याला फक्त कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोल्ड उघडून मशीनची मोटर बंद करा, नोझल मागे घ्या, हॉट रनरचे (वितळलेला माल मोल्डमध्ये नेणाऱ्या गरम वाटेचे) हीटर बंद करा आणि मोल्ड हाताला सोसेल इतका निवू द्या. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे इथे घाई नको. मग "उडालेला" भाग कापसाने गोल गोल पुसा. कापूस पिवळा, तपकिरी किंवा राखाडी झाला आणि खालून तोच एकसारखा काळा रंग निघाला, तर कोटिंग जागेवरच आहे.

प्लास्टिक वितळलं की त्यातून वाफा निघतात: मेण, वंगणाचे घटक, आग विझवण्यासाठी घातलेली रसायनं. त्या मोल्डच्या थंड भिंतीवर बसतात. मग पार्ट कोटिंगला लागतच नाही, त्या थराला लागतो आणि त्यालाच चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनच्या झाकणांचा एक मोल्ड माझ्याकडे आला होता, तेव्हा कोअर खोक्यात भरून कोटिंगला निघालेले होते. दहा मिनिटं पुसल्यावर सगळे कोअर स्वच्छ काळे निघाले. त्यांच्या व्हेंट (हवा बाहेर जायच्या बारीक फटी) भरल्या होत्या, बाकी काही नव्हतं.

अल्कोहोलने निघालं नाही तर मोल्ड क्लीनर वापरा, नाहीतर ड्राय आइसने साफ करणाऱ्याला बोलवा. हिरवी घासणी, पॉलिश पेपर आणि डायमंड पेस्ट मात्र अजिबात नको. कोटिंगची सगळी जाडी दोन-तीन मायक्रॉन, आणि पेस्टमधला हिरा डीएलसीपेक्षा कडक. पाच मिनिटांच्या घासण्यात धारेवरचं कोटिंग निघून जातं, आणि मग ते पहिल्यापासून उडालेलं होतं की आपण घालवलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

थर परत परत जमत असेल तर व्हेंट साफ आहेत का, माल नीट वाळवलाय का आणि बॅरलचं तापमान गरजेपेक्षा जास्त आहे का, हे बघा.

भिंग घ्या आणि नकाशा काढा

या तपासणीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. दहापट भिंग घ्या, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि इन्सर्टचं चित्र वहीत काढून उडालेली प्रत्येक जागा त्यावर पेन्सिलने दाखवा. गेट (माल मोल्डमध्ये शिरतो ती जागा) कुठे आहे, पार्ट कुठल्या दिशेने सुटतो आणि स्लायडर (मोल्डमधला सरकता भाग) कुठे घासतो तेही दाखवा. एकदा हा नकाशा समोर आला की निम्मं उत्तर तिथेच असतं.

गेटसमोरच, मालाच्या प्रवाहाच्या दिशेने शेपटीसारखा पट्टा गेला असेल तर ती झीज आहे. ३० टक्के ग्लासचा नायलॉन गेटमधून बाहेर पडताना काचेचे तंतू समोरच्या भिंतीवर सतत आदळतात. कोटिंगवाल्याशी भांडून इथे उपयोग नाही. गेटसमोरचा तुकडा वेगळा, बदलता येईल असा इन्सर्ट करा, गेट थोडं मोठं करता येतंय का बघा आणि भरण्याचा वेग कमी करून बघा.

सगळ्या धारा आणि कोपरे गेलेत पण सपाट भाग शाबूत असेल, तर खालची धार फार तीक्ष्ण आहे किंवा तिच्यावर बर (मशीनिंगमध्ये राहिलेली धातूची बारीक कड) आहे. कोटिंगमध्ये स्वतःचाच ताण असतो आणि तीक्ष्ण धारेवर तो एकवटतो.

स्लायडरवर एकाच रेषेत, आणि समोरच्या भागावर बरोबर तशीच रेष असेल तर अलाइनमेंट गेलंय.

खोल रिबच्या तळाशी मोरपंखी रंग असेल तर तिथे कोटिंग मुळातच पातळ बसलंय. प्लाझ्मा अरुंद खोबणीत पोचत नाही. खोबणीच्या रुंदीइतक्या खोलीपर्यंत साधारण चांगलं बसतं, त्याच्या खाली पातळ होत जातं. दहा मिलिमीटर खोल आणि दीड मिलिमीटर रुंद रिबच्या तळाला कोटिंगची आशाच धरू नका. ती रिब वेगळ्या तुकड्यात फोडून केली असेल तरच तळापर्यंत पोचतं.

कसलाही नकाशा नसेल, सपाट, गोल, धार सगळीकडूनच खवले निघत असतील, तर मात्र संशय कोटिंगच्या वेळच्या साफसफाईवर किंवा जोडथरावर घ्या.

काळा कण नक्की कशाचा आहे ते कळत नसेल तर त्यावर चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवून भिंगाखाली धरा. जळलेलं प्लास्टिक गोलसर, फुगीर दिसतं आणि सुईने दाबलं तर पसरतं किंवा चुरडतं. कोटिंगचा खवला पातळ, चकचकीत, फुटक्या काचेसारख्या कडांचा असतो.

मशीनची सेटिंग

पार्ट अडकतोय पण कोटिंग शाबूत दिसतंय, तर सेटिंगकडे वळा. होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर माल दाबून धरणारा दाब) जास्त असेल तर माल कोअरवर घट्ट आवळून बसतो, आणि तो आवळा कुठल्याही कोटिंगने सुटत नाही. होल्डिंगचा वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने कमी करत प्रत्येक वेळी पार्टचं वजन करा. ज्या वेळेपर्यंत वजन घटत नाही, तेवढा सगळा वेळ फुकट जात होता, कारण गेट आधीच गोठलेलं असतं.

मऊ माल आणि आरशासारखा पॉलिश केलेला कोअर ही जोडी वेगळीच. तिथे पार्ट घर्षणाने चिकटत नाही, आत हवा शिरत नाही म्हणून चिकटतो. पार्ट सुटताना 'पट्ट' असा आवाज आला किंवा तळ आत ओढला गेला, तर तिथे निर्वात तयार होतोय. तिथे हवेचा व्हॉल्व्ह द्या, नाहीतर पुढच्या वेळी कोटिंगआधी कोअरला सुटण्याच्या दिशेने स्टोनच्या (पॉलिशच्या दगडाच्या) बारीक रेषा मारा. डीएलसीवर पैसे खर्च करून हा आजार जात नाही, हे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलंय.

मोल्डला घाम येतो का?

पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी याच कारणाच्या असतात. जुलैमध्ये शॉपमध्ये ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. आणि आपण चिलरचं पाणी १२ ते १५ अंशांवर सोडून बसतो. मोल्ड चालू असेपर्यंत गरम प्लास्टिक ते पाणी उडवत राहतं. जेवणाची सुट्टी झाली, माल संपला किंवा शनिवारी संध्याकाळी मशीन बंद केलं आणि चिलर तसाच राहिला, की कोअरला घाम फुटतो.

डीएलसीला स्वतःला गंज चढत नाही. पण इतक्या पातळ थरात सुईच्या टोकापेक्षा बारीक छिद्रं असतातच. पाणी त्यातून आत जातं, खालचं पी-२० किंवा एच-१३ (नेहमीची मोल्ड स्टील) गंजतं, गंज फुगतो आणि वरची टोपी उडवून देतो. भिंगाखाली बघितलं की मधोमध तांबूस ठिपका आणि भोवती गोल चांदीसारखी कडा दिसते. असा ठिपका दिसला तर पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी पाण्याची शिस्त लावा: मशीन थांबवण्याआधी पाणी बंद, त्यानंतर मोल्ड शॉपच्या तापमानाला येईपर्यंत पाण्याशिवाय मालाचे आठ-दहा शॉट, मग हवेने फुंकर आणि गंजरोधक स्प्रे. इन्सर्टच्या ओ-रिंगमधून पाणी झिरपत असेल तर तेही याच ठशाचं दिसतं, म्हणून कूलिंग लाइनला प्रेशर देऊन तपासा.

पीव्हीसी चालवत असाल तर हेच कितीतरी वेगाने होतं, कारण जास्त तापलेलं पीव्हीसी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. त्या मोल्डला खाली स्टेनलेस मोल्ड स्टीलच हवं.

रात्रपाळीला काय घडतं ते विचारा

पार्ट अडकला की तो काढायला काय वापरतात, हे सुपरवायझरला विचारू नका, ऑपरेटरला विचारा, आणि दरडावून विचारू नका. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांनी सरळ सांगितलं, "पितळी पट्टी हरवली तेव्हापासून स्क्रूड्रायव्हरच वापरतोय." चौथ्या कॅव्हिटीच्या (मोल्डमधल्या पार्टच्या पोकळीच्या) कोअरवरच्या तिरक्या ओरखड्यांचा उलगडा त्या एका वाक्यात झाला. तेव्हापासून प्रत्येक मशीनला दोरीने बांधलेली पितळी पट्टी असते.

लो-प्रेशर मोल्ड सेफ्टीही त्याच वेळी बघून घ्या. ती ढिली ठेवली असेल तर अडकलेल्या पार्टवर मोल्ड पूर्ण ताकदीने बंद होतो.

पिनांचं फिटिंग

इथून पुढे मोल्ड उतरवावा लागेल. हा हिशोब फार थोडे लोक करतात, म्हणून आकड्यांसकट देतो. ६ मिलिमीटरची इजेक्टर पिन जी-६ टॉलरन्समध्ये म्हणजे नाममात्र मापापेक्षा ४ ते १२ मायक्रॉन कमी असते, आणि भोक एच-७ मध्ये शून्य ते १२ मायक्रॉन जास्त. सगळ्यात घट्ट जोडीत ४ मायक्रॉनचीच जागा. दोन मायक्रॉनचं कोटिंग दोन्ही बाजूंनी चढलं की व्यास ४ मायक्रॉनने वाढला आणि जागा संपली. त्यात चालू मोल्डमध्ये पिन प्लेटपेक्षा ५० अंशांनी जास्त तापली तर ती आणखी साडेतीन मायक्रॉन फुगते. आता ती पिन भोकात सरकत नाही, ठोकली जाते. कोटिंग घासून उडतं आणि आपण म्हणतो क्वालिटी खराब.

तपासायला सोपं आहे. पिन आणि भोक स्वच्छ पुसा, ग्रीस लावू नका, प्लेट आडवी ठेवून पिन वरून सोडा. ती आपल्या वजनाने उतरली पाहिजे. अडली, तर कोटिंगआधीच पिन ४-५ मायक्रॉन कमी करून घ्यायला हवी होती. पुढच्या वेळी ड्रॉइंगवर "कोटिंगनंतरचं माप" असं स्पष्ट लिहा.

गाइड पिलर आणि बुश झिजले असतील तर स्लायडर आणि शट-ऑफ (मोल्ड बंद होताना एकमेकांना टेकणारे भाग) एका बाजूला घासतात. तेही याच वेळी मोजा.

मोरचुदाचं पाणी

कोटिंग खरंच गेलंय की नुसता रंग बदललाय, याचा पक्का निकाल हवा असेल तर ही जुनी फिटरची युक्ती कामाला येते. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) चार-पाच खडे अर्धा कप पाण्यात विरघळवा. पिन अल्कोहोलने स्वच्छ करा, कापसाच्या काडीने निळं पाणी संशयाच्या जागी लावा आणि अर्धा मिनिट थांबा. स्टील उघडं असेल तिथे डोळ्यांसमोर तांब्याचा गुलाबी पापुद्रा चढतो. कोटिंग शाबूत असेल तिथे पाणी निळंच राहतं. एका पिनेवर हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन टाचणीएवढे ठिपके गुलाबी होताना दिसले, जे भिंगातूनही नीट दिसत नव्हते.

मर्यादा मात्र पाळा. हे फक्त पिना आणि न दिसणाऱ्या भागांवर करा, आरसा-पॉलिश कॅव्हिटीवर नाही, कारण हे पाणी उघड्या स्टीलला चावतं. झाल्यावर लगेच भरपूर साध्या पाण्याने धुऊन वाळवा. आणि स्टेनलेस मोल्ड स्टीलवर किंवा जिथे खाली क्रोमियमचा जोडथर शिल्लक आहे तिथे या चाचणीवर भिस्त ठेवू नका. तिथे तांबं चढत नाही आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

खालचं स्टील किती कडक आहे?

गादीवर काच ठेवून तिच्यावर पाय दिला तर काच कितीही चांगली असो, फुटणारच. पी-२० साधारण ३० एचआरसीच्या (एचआरसी म्हणजे रॉकवेल कडकपणाचं माप) आसपास असतं. त्यावर डीएलसी बसतं, दिसतंही सुंदर, पण अडकलेल्या पार्टचा किंवा शट-ऑफचा दाब आला की खालचं स्टील दबतं आणि वरचा थर तडकतो. भिंगाखाली उथळ खळगा आणि त्याच्या काठावर गोल चिरा दिसल्या तर हेच झालंय. ४८ ते ५२ एचआरसीच्या एच-१३ वर तेच कोटिंग टिकतं.

कडकपणा मोजायचा तो इन्सर्टच्या मागच्या बाजूला, कोटिंगवर नाही. पी-२० च निघालं, तर तो घासणारा तुकडा एच-१३ चा करा किंवा आधी नायट्रायडिंग (स्टीलच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) करून मग कोटिंग करा. नायट्रायडिंग केल्यावर वर जो पांढरा ठिसूळ थर येतो तो पॉलिश करून काढावाच लागतो, नाहीतर कोटिंग त्याच्यासकट उडतं. रेडीमेड नायट्राइड केलेल्या इजेक्टर पिना सरळ कोटिंगला पाठवणाऱ्यांनी ही गोष्ट खास लक्षात घ्यावी.

हीट ट्रीटमेंटचं सर्टिफिकेटही काढून बघा. एच-१३ साधारण ५५० ते ६०० अंशांवर टेंपर (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवलेलं) झालेलं असतं, त्यामुळे कोटिंगच्या तापमानाने त्याला काही होत नाही. पण स्टेनलेस मोल्ड स्टील बरेचदा अडीचशे अंशांच्या आसपासच टेंपर करतात. त्यावर २५० अंशांचं कोटिंग केलं तर माप हलू शकतं आणि कडकपणा उतरू शकतो. कोटिंग करणाऱ्याला टेंपरिंगचं तापमान लेखी द्या.

स्पार्कची कातडी

परत परत त्याच जागी उडणाऱ्या कोटिंगमागे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे.

ग्लास भरलेल्या नायलॉनच्या कनेक्टरचा मोल्ड होता, १६ कोअर पिना, एच-१३, कडकपणा बरोबर. तीनदा कोटिंग झालं आणि तिन्ही वेळा पिनेच्या पायरीच्या आतल्या कोपऱ्यातूनच खवले निघाले, वरचा दंडगोल भाग मात्र जसाच्या तसा. तिसऱ्यांदा उडाल्यावर पिना माझ्याकडे आल्या. दंडगोल भाग ग्राइंडिंग करून पॉलिश केलेला होता, पायरी स्पार्कने (विजेच्या ठिणग्यांनी स्टील कोरणाऱ्या मशीनने) केलेली होती. कोटिंगखालीही फरक दिसत होता. पॉलिश भागावर काळा आरसा, आणि पायरीवर बारीक रव्यासारखा खरखरीतपणा. नखाने ओढलं तरी जाणवत होता.

स्पार्क मशीनमध्ये स्टीलचा वरचा थर वितळतो आणि लगेच डायइलेक्ट्रिक तेलात गोठतो. ही जी कातडी तयार होते ती अतिशय कडक, ठिसूळ आणि बारीक चिरांनी भरलेली असते. फिनिश स्पार्कमध्ये ती काही मायक्रॉनच असते, रफ स्पार्कमध्ये २०-३० मायक्रॉनपर्यंतही जाते. त्यावर डीएलसी बसवलं तर ते कातडीला घट्ट धरतं, पण कातडीच स्टीलवरून सुटते. उडालेल्या खवल्याची खालची बाजू बघा. ती राखाडी, खरखरीत स्टीलची असेल तर कोटिंग सुटलेलं नाही, कोटिंगने कातडी उचलून आणलीय.

आम्ही जुनं कोटिंग काढून घेतलं, पायरीवर बारीक स्टोन आणि मग पेपर मारून रवाळपणा पूर्ण जाईपर्यंत काम केलं, आतल्या कोपऱ्याला ०.२ मिलिमीटरचा रेडियस (गोलाई) दिला आणि बाहेरच्या धारा हलक्या हाताने मारल्या. एका पिनेला साधारण चाळीस मिनिटं लागली. चौथं कोटिंग त्याच ठिकाणाहून केलं ज्यांना आधी तीनदा दोष दिला होता. ते टिकलं.

ग्राइंडिंगमध्ये जळालेला भागही असाच वागतो. तपकिरी-निळसर पट्टा दिसला होता आणि पॉलिशमध्ये झाकला गेला, असं झालं असेल तर तिथेही कोटिंग सुटतं. कातडी उरलीय की नाही अशी शंका असेल तर मटेरियल लॅबमधून नायटलने एचिंग (आम्लाने पृष्ठभागाची रचना उघड करणं) करून घ्या. मूळ स्टील गडद होतं, कातडी पांढरीच राहते. नायटलमध्ये नायट्रिक आम्ल असतं, ते शॉपमध्ये बनवू नका.

कोटिंगवाल्याकडे चौकशी

एवढं सगळं बरोबर निघालं तर आता त्यांच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही. त्याच बॅचमधलं कूपन (सोबत कोटिंग केलेला चाचणीचा तुकडा) मागा आणि त्यावर रॉकवेल ठशाची चाचणी करून घ्या. १५० किलोच्या भाराने ठसा मारायचा आणि काठावरच्या चिरा-खवले सूक्ष्मदर्शकाखाली बघून एचएफ-१ ते एचएफ-६ असा दर्जा द्यायचा. एचएफ-४ पर्यंत पास, ५ आणि ६ नापास. याचं मानक व्हीडीआय ३१९८ आहे. फक्त हे लक्षात असू द्या, की कूपन कडक स्टीलचं असतं. त्यावर आलेला एचएफ-१ तुमच्या ३० एचआरसीच्या इन्सर्टबद्दल काहीच सांगत नाही.

आणि आपल्याकडून माल कसा जातो तेही तपासा. इन्सर्ट जोडलेल्या अवस्थेत पाठवला तर फटींत अडकलेलं तेल निर्वातात बाहेर येतं आणि शेजारचा पृष्ठभाग नासवतं. कूलिंगच्या भोकातलं पाणी आणि गंज तसाच असतो. पॉलिशची पेस्ट कोपऱ्यांत वाळलेली असते. सिलिकॉनचा स्प्रे मारला असेल तर तो धुऊनही पूर्ण जात नाही, म्हणून कोटिंगला जाणाऱ्या मोल्डवर सिलिकॉन आम्ही बंदच केलंय. सगळे तुकडे सुटे करून, डीमॅग्नेटाइझ करून, साध्या गंजरोधक तेलात पाठवा. सोबत एक कागद: स्टीलचा ग्रेड, एचआरसी, टेंपरिंगचं तापमान, स्पार्क केलेल्या जागा, कुठे कोटिंग हवं, कुठे नको आणि कुठला माल चालणार.

इथे थांबा, माणूस बोलवा

जुनं कोटिंग स्वतः काढायच्या फंदात पडू नका. डीएलसी आम्लात विरघळत नाही. ते प्लाझ्मामध्ये किंवा इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीने काढतात, आणि ते कोटिंग सेंटरचंच काम आहे. सँडब्लास्ट केलं तर पॉलिश आणि माप दोन्ही गेलं.

कोटिंगवर वेल्डिंग करू नका. कार्बन वेल्डमध्ये मिसळतो आणि तिथे ठिसूळ, सच्छिद्र टाका पडतो. आधी कोटिंग काढून घ्या, मग लेझर वेल्डिंगवाल्याकडे द्या.

लेन्स, लाइट गाइड, आरसा-फिनिश पॅनेल अशा मोल्डवर चकचकीत ठिपका दिसला तर पुसण्याच्या पुढे काहीही करू नका. पॉलिशरला बोलवा. तिथे तुमच्या पेपरचा एक फटका म्हणजे पूर्ण पॉलिश नव्याने.

उडालेल्या जागेतून सरळ, बारीक रेष खोल गेलेली दिसली, विशेषतः कूलिंग होलच्या दिशेने, तर ती स्टीलची चीर असू शकते. मोल्ड मशीनवर चढवू नका. डाय पेनेट्रंट टेस्ट (रंग वापरून चीर शोधायची चाचणी) करणाऱ्याला दाखवा.

हॉट रनरची वायरिंग, क्रेनवर मोल्ड उलटा करणं, मशीनचे गार्ड बायपास करून आत डोकावणं, यांतलं काही करावं लागत असेल तर ज्याचं ते काम आहे त्यालाच बोलवा, शिफ्ट थांबली तरी चालेल.

आणि दोनदा कोटिंग उडून गेलेला इन्सर्ट तिसऱ्यांदा पाठवायची वेळ आली असेल, नकाशा काढूनही कारण सापडत नसेल, तर कोटिंगऐवजी आधी मटेरियल लॅबला पाठवा. उडालेला खवला, खालच्या स्टीलचा तुकडा किंवा त्याच पद्धतीने स्पार्क केलेला नमुना आणि वहीतलं ते पेन्सिलचं चित्र एकाच पाकिटात घाला. त्या १६ पिनांच्या मोल्डचं चित्र अजून माझ्या वहीत आहे, आणि दर २५ हजार शॉटनंतर पायरीचा कोपरा भिंगाखाली बघून त्यावर तारीख टाकतो.